फाडन

सदर बझारात आमचं दुकान, रुंदीला एक मशीन आणि मी.
मशीन पफ कंपनीचं, जर्मन.
बेचाळीस साली साताऱ्यात जर्मन कैदी आणून ठेवले
तेव्हा तात्यांनी त्यावरच्या सोनेरी अक्षरांना काजळी फासली.
न जाणो, मशीनलाही आत टाकतील.

कॅम्पातला एक म्हातारा गुरुवारी पास काढून यायचा.
नाव ल्यूडेके. पेठेनं चार दिवसांत
लुडबुडे साहेब करून टाकलं.
त्याला राग नव्हता. वीस वर्षं या मुलखात काढलेली,
मराठी यायची, पण विहिरीच्या काठावरचीच:
पंप, वॉशर, फूटभर चिखल, पुढच्या सुगीला पैसे.

कोट आणला होता. इतका निळा की काळा,
कोपरावर जाळी पडलेला.
"उलटवून द्या. आतलं बाहेर."
कैसरच्या आरमारातला. पितळी बटणं सात,
आठव्याच्या जागी नुसता दोरा.

तात्या उसवत गेले. तो स्टुलावर बसून बोलत गेला,
आम्हाला नव्हे, कोटाला.
सतराव्या वर्षी डोलकाठीवर चढलो, बोटं गोठलेली.
चीनच्या किनाऱ्यावर ताप आला, मित्र तिथंच राहिला.
मग युद्ध. तोफांनी उजवा कान नेला.
मग एकोणीस साल, जून महिना,
स्कॉटलंडची खाडी, आम्ही हरलेले, जहाजं शत्रूच्या ताब्यात.
हुकूम आला, खालचे वॉल्व्ह उघडा.
मी उघडले. चाकं काढून पाण्यात फेकली,
म्हणजे कुणाला बंद करता येऊ नयेत.
होडीत बसून बघत होतो.
ती कलंडली तशी तिची घंटा वाजायला लागली,
वाजवणारं कुणी नव्हतं.

तात्यांच्या तोंडात टाचण्या. तशातच विचारलं,
"आन् मग?"
"मग पंप विकले," तो म्हणाला.
"कऱ्हाड, ताकारी, भिलवडी. पाणी वर काढायचे."

कुणी हसलं नाही. त्यानं रीळ उचललं,
दोरा बोटावर घेतला, म्हणाला, "फाडन."
तात्या दचकले. "फाडायचं न्हाई साहेब, उसवायचं असतंय."
तेव्हा तो हसला, एकदाच, खोकल्यासारखा.
त्याच्या भाषेत दोरा म्हणजे फाडन,
आणि समुद्राची खोलीही फाडनात मोजायची,
दोन्ही हात पसरले की एक.
"वाव," तात्या म्हणाले. "आमच्यात त्याला वाव."
दोघांनी हात पसरून दाखवले.
दुकानात तेवढी जागा नव्हती, तात्यांचा हात माझ्या डोक्यावर आला.

पुढच्या गुरुवारी महादरेचं तळं.
एक बंदूकवाला शिपाई, साहेब, आणि दोऱ्याचं भेंडोळं घेऊन मी.
टोकाला इस्त्रीची तुटलेली खिट्टी, वावेवावेला गाठ.
बांधावरून त्यानं ती सोडली, फेकली नाही.
एक. दोन. गाठी बोटांतून जाताना
त्याचे ओठ हलत होते.
पाचव्या गाठीनंतर दोरा सैल पडला.
"खाली काय असेल?" त्यानं विचारलं.
"गाळ," शिपाई म्हणाला.
त्यानं तेही वहीत लिहून घेतलं.

कोट छान झाला, नव्यासारखा,
फक्त बटणपट्टी गेली बायकी बाजूला. उलटवल्यावर जातेच.
साध्या शिंगाच्या बटणांवर त्यानं तो घातला
आणि पितळी सात आमच्याकडं ठेवली.
त्यातलं एक माझ्या सदऱ्याला लागलं.
मुकुट बघून गुरुजींनी छडी ओढली, इंग्रजांचा कुत्रा म्हणाले.
हा मुकुट निराळा, तो तर कधीच पडला,
हे मला सांगता आलं नाही.

ट्रक आले, कॅम्प उठला.
तो कुठल्या गावी गेला, गाव उरलं होतं का,
कुणी कळवलं नाही.

तात्यांच्या खतावणीत अजून पान आहे:
लुडबुडे, कोट उलटवणे, दीड रुपया, जमा.
खाली वेगळ्या शाईत:
दोरा, पाच वाव.
पुढचा रकाना मोकळा.